बाळंतिणींची साक्ष

आपल्या मराठी भाषेंत बाळंतपणाविषयीं बोलतांना जे शब्द सहज तोंडीं येतात, त्यांतच त्या प्रसंगाचा बराचसा इतिहास साठविलेला आहे. बाई 'अडली' असें आपण म्हणतों. मग ती 'सुटली', 'मोकळी झाली' असें म्हणतों. आणि सर्व यथास्थित पार पडल्यावर घरांतील वडील माणसें सुस्कारा टाकून म्हणतात कीं, पोरीचा पुनर्जन्म झाला. ही भाषा बंदिवासाची आणि मरणाची आहे. ज्या प्रसंगाच्या पोटीं एवढें भय दडलेलें होतें, त्या प्रसंगीं आपल्या अंगास कोणाचा हात लागावा, हा प्रश्न स्त्रियांनीं कधीं क्षुल्लक मानला असेल हें संभवत नाहीं. त्यांनीं त्याचा विचार केला, एकमेकींशीं खल केला, आणि आपापल्या परी निर्णयहि घेतले. मात्र ते निर्णय कोणी लिहून ठेविले नाहींत. वैद्यकाचा इतिहास म्हणून जो आपण वाचतों, तो बहुतेक वैद्यांचा इतिहास असतो, रोग्यांचा नसतो.

त्यामुळें सुशिक्षित समाजांत या विषयासंबंधीं दोन ठराविक मतें रूढ झालीं आहेत. पहिलें मत असें कीं, सुईण म्हणजे अज्ञान व सूतिकागृह म्हणजे ज्ञान. सबब जी स्त्री सुइणीस पसंत करते व इस्पितळाचें नांव काढतांच घाबरते, ती अडाणी होय. दुसरें मत अलीकडचें असून तें बहुधा शहरांतील सुखवस्तु मंडळींच्या तोंडीं ऐकूं येतें. त्याप्रमाणें सुईण ही निसर्गाची प्रतिनिधि आणि डॉक्टर हा निसर्गाचा शत्रु. आपल्या आज्या-पणज्यांस जें कळत होतें तें आपण विसरलों, एवढेंच काय तें. हीं दोन्ही मतें परस्परविरुद्ध दिसतात खरीं. पण दोहोंमध्यें एक उणीव समान आहे. स्त्रियांनीं जी निवड केली ती कोणत्या अनुभवावरून केली, हें विचारण्याची तसदी दोघेहि घेत नाहींत.

या प्रश्नाची परीक्षा पाहण्यास इतिहासानें एक विलक्षण प्रसंग आपल्यासाठीं जपून ठेविला आहे. तो घडला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथें. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस तो सेमेलवाइस या डॉक्टरच्या नांवानें परिचित असतो. मला मात्र तो डॉक्टरच्या बाजूनें न सांगतां, त्या इस्पितळाच्या दारांत उभ्या असलेल्या बायांच्या बाजूनें सांगावयाचा आहे.

व्हिएन्नाचें मोठें सार्वजनिक इस्पितळ सम्राट दुसरा जोसेफ याच्या कारकीर्दींत १७८४ सालीं सुरू झालें. त्यांत एक सूतिकागृह होतें, आणि त्याला जोडून टाकलेल्या मुलांचा सांभाळ करणारी संस्थाहि होती. त्या काळीं खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरची कोणतीहि स्त्री बाळंतपणासाठीं इस्पितळांत जात नसे. तिचें बाळंतपण घरीं, ओळखीच्या सुइणीच्या हातून होई. सूतिकागृहांत येत त्या मोलकरणी, मजुरी करणाऱ्या बाया, आणि ज्यांच्या पदरीं मूल आहे पण कपाळीं नवरा नाहीं अशा अभागी तरुणी. येथें त्यांना फुकट अंथरूण मिळे, आणि मूल जन्मल्यावर अनाथगृहांत त्याची सोय होई. त्याच्या मोबदल्यांत त्यांनीं आपलें शरीर शिकाऊ विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठीं मोकळें ठेवावें, असा हा सौदा होता. गरिबाशीं केलेल्या सौद्यांत गरिबाची संमति जितपत असते, तितपतच ती येथें होती.

पुढें बाया वाढल्या तेव्हां सूतिकागृहाचे दोन विभाग करण्यांत आले. प्रारंभीं दोन्ही विभागांत वैद्यकीचे विद्यार्थी आणि सुईणपणा शिकणाऱ्या स्त्रिया मिश्र असत. १८४० सालीं शाही हुकूम निघाला, आणि सर्व पुरुष विद्यार्थी पहिल्या विभागांत व सर्व शिकाऊ सुइणी दुसऱ्या विभागांत असा बंदोबस्त झाला. बायांनीं कोणत्या विभागांत जावें हें त्यांच्या खुषीवर नव्हतें. पाळी ठरलेली होती. एक दिवस पहिल्या विभागांत भरती, तर दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या विभागांत. आठवड्याचा हिशेब बसविण्यासाठीं पहिल्या विभागाच्या वांट्यास चार दिवस व दुसऱ्याच्या वांट्यास तीन दिवस येत. एकच शहर, एकच आवार, एकाच वर्गांतील गरीब बाया, आणि वांटणी केवळ वारावर. एखाद्या शास्त्रज्ञानें मुद्दाम प्रयोग योजावा म्हटलें तरी याहून काटेकोर प्रयोग त्याला सुचला नसता. सरकारनें तो नकळत सुरू केला.

त्या प्रयोगाचा निकाल शहरांतल्या गरीब बायांना लवकरच कळला. पहिल्या विभागांत गेलेली बाई परत येईलच असें नाहीं, हें मोलकरणीमोलकरणींच्या बोलण्यांत पसरलें. ज्या बायांना पाळीची माहिती नव्हती, त्या दारांत येऊन आज कोणत्या विभागाचा दिवस आहे हें कळतांच हवालदिल होत. आपल्याला पहिल्या विभागांत नेलें आहे असें ध्यानांत आल्यावर बाया हात जोडून, गुडघे टेकून, आम्हांला येथून सोडा अशी विनवणी करीत, हें खुद्द सेमेलवाइसनें आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. ताप चढलेला, जीभ कोरडी पडलेली, तरी मी अगदीं बरी आहें असें त्या सांगत. कारण डॉक्टरचा उपचार सुरू होणें ही मरणाची नांदी, असें त्यांच्या मनानें घेतलेलें होतें.

याहून चमत्कारिक गोष्ट रस्त्यांत बाळंत होणाऱ्यांची. अनाथगृहाचा लाभ मिळण्यासाठीं प्रसूति इस्पितळांत व्हावी लागे; परंतु इस्पितळाच्या वाटेवर अकस्मात् बाळंत झालेल्या बाईसहि तो लाभ देत. तेव्हां कित्येक बाया शहरांतील एखाद्या सुइणीकडे बाळंत होत, आणि लगेच गाडीत बसून इस्पितळांत येऊन 'वाटेंतच झालें' असें सांगत. कांहीं बिचाऱ्या खरोखरच गल्लींत, दरवाज्याच्या आडोशाला बाळंत होऊन, मूल पदरांत घेऊन चालत येत. अशा बायांना सूतिकाज्वर फारच कमी होई! उघड्या रस्त्यावर कोणाच्याहि मदतीवांचून बाळंत होणें हें युरोपांतील एका अग्रगण्य सूतिकागृहांत बाळंत होण्यापेक्षां अधिक सुरक्षित ठरत होतें.

आतां आंकडे पाहूं. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागांत २०,०४२ बाळंतपणें झालीं व त्यांत १,९८९ बाया दगावल्या. म्हणजे शेंकडा जवळजवळ दहा. त्याच सहा वर्षांत सुइणींच्या विभागांत १७,७९१ बाळंतपणांत ६९१ बाया दगावल्या; म्हणजे शेंकडा चारांहूनहि कमी. शिवाय पहिल्या विभागांतील पुष्कळ आजारी बाया इस्पितळाच्या इतर दालनांत हलवीत व त्या तेथें मरत. त्यांची गणना या आंकड्यांत नाहीं. सारांश, गुडघे टेकणाऱ्या त्या निरक्षर बायांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. त्यांच्याजवळ कोष्टक नव्हतें. शेजारणीचें रिकामें अंथरूण होतें.

मग विद्वानांनीं या साक्षीचें काय केलें? त्यांनीं तिला अनेक नांवें दिलीं, पण तिची उलटतपासणी केली नाहीं. सूतिकाज्वर हा वातावरणांतील, ग्रहगोलांतील व भूमींतील गूढ प्रभावांमुळें येतो, असें मान्य मत होतें. आपल्याकडे घातवार व ग्रहदशा मानणाऱ्यांस हंसणाऱ्या सुशिक्षितांनीं हें मत लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सेमेलवाइसनें त्यावर साधा प्रश्न केला: हा आकाशांतला प्रभाव चोवीस तासांच्या पाळीनें कसा चालतो, आणि एकाच आवारांतील एका विभागावर उतरून शेजारच्या विभागास कसा वगळतो? दुसरें मत गर्दीचें होतें. परंतु गर्दी दुसऱ्या विभागांत अधिक होती, कारण बाया तेथेंच जाण्याची धडपड करीत. तिसरें मत असें कीं, बायांना भीतीनेंच ताप येतो. पण पुष्कळ बाया मेल्यावांचून ती भीति जन्मास आली कोठून? कार्यालाच कारण ठरविण्याचा हा प्रकार होता. चौथें मत लज्जेचें. पुरुष विद्यार्थ्यांनीं तपासल्यामुळें स्त्रियांच्या मनास धक्का बसतो व त्यांतून रोग उद्भवतो, असें म्हणत. यावर सेमेलवाइसचें उत्तर मार्मिक आहे: त्या बायांना मी जवळून पाहिलें आहे, त्यांना लाज ग्रासीत नाहीं, मरणाची धास्ती ग्रासते.

इग्नाझ सेमेलवाइस हा १८१८ सालीं बुडा येथें जन्मलेला हंगेरियन. १८४६ च्या जुलैंत तो पहिल्या विभागांत प्राध्यापक क्लाइन यांच्या हाताखालीं साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्यानें दोन्ही विभागांतील एकेक फरक घेतला व तो पुसून टाकून पाहिला. दुसऱ्या विभागांत बायांना कुशीवर निजवीत, म्हणून त्यानें पहिल्यांतहि तसें निजविलें. मरणें थांबलीं नाहींत. पहिल्या विभागांत अत्यवस्थ रोग्याकडे जाणारा धर्मोपदेशक पांच दालनांतून जाई व त्याच्यापुढें घंटा वाजे. ती घंटा ऐकून बाया गर्भगळित होत. सेमेलवाइसनें त्याला विनंती करून घंटेवांचून, आडवाटेनें यावयास लाविलें. तरीहि मरणें थांबलीं नाहींत. दरम्यान सरकारनें नेमलेल्या समितीनें असा निर्णय दिला कीं, विद्यार्थी, विशेषतः परदेशी विद्यार्थी, बायांना दांडगाईनें तपासतात. तेव्हां विद्यार्थ्यांची संख्या बेचाळिसावरून विसांवर आणण्यांत आली. मृत्यु कांहीं महिने उतरले, आणि १८४७ च्या एप्रिलांत शेंकडा अठरांवर चढले.

त्याच सुमारास एक शोककारक घटना घडली. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कोलेत्श्का, सेमेलवाइसचे आदरणीय मित्र, यांच्या बोटास शवविच्छेदनाच्या वेळीं विद्यार्थ्याच्या हातांतील सुरी लागली व ते रक्तदोषानें वारले. सेमेलवाइस प्रवासाहून परतल्यावर त्यानें त्यांच्या शवपरीक्षेचा वृत्तान्त वाचला. त्या शरीरांत जे विकार आढळले होते, ते त्यानें शेंकडों बाळंतिणींच्या शरीरांत पाहिले होते. कोडें उलगडलें. पहिल्या विभागांतील डॉक्टर व विद्यार्थी सकाळीं प्रेतें फाडीत, आणि त्याच हातांनीं बाया तपासीत. शिकाऊ सुइणींना शवविच्छेदन शिकवीत नसत. सुरीनें कोलेत्श्कांच्या रक्तांत जें घातलें, तेंच बोटांनीं बाळंतिणींच्या रक्तांत घातलें जात होतें. साबणानें हात धुतले तरी प्रेताची दुर्गंधि राहते, म्हणून मेच्या मध्यापासून त्यानें क्लोरिनच्या पाण्यानें हात धुणें सक्तीचें केलें. मेमध्यें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा बारा होतें. जूनमध्यें अडीचाच्या खालीं आलें. जुलैंत सव्वाच्या आसपास. १८४८ या संपूर्ण वर्षांत पहिल्या विभागांत शेंकडा १.२७ आणि सुइणींच्या विभागांत १.३३ असें प्रमाण पडलें. दोन दारांमधला फरक नाहींसा झाला.

येथवर ही कथा ऐकून सुइणींचा कैवारी वाचक खूष होईल. परंतु त्यानें जरा थांबावें. सुइणींचा विभाग सुरक्षित होता तो सुइणींपाशीं कांहीं पुराणें शहाणपण होतें म्हणून नव्हे. त्यांच्या हातांना प्रेताचा स्पर्श नव्हता म्हणून. याच सूतिकागृहांत प्राध्यापक बोएर होते तोंवर ते प्रेतांवर न शिकवितां प्रतिकृतीवर शिकवीत, आणि त्यांच्या काळीं मृत्यूंचें प्रमाण शेंकडा एक-सव्वा एवढेंच असे. त्यांच्या जागीं क्लाइन आले, प्रेतांवरचें शिक्षण आलें, आणि प्रमाण चढलें. म्हणजे डॉक्टर हा जन्मतः घातक नव्हता. उलट सुईणहि जन्मतः निर्दोष नव्हती. स्कॉटलंडमधील आबर्डीन गांवचे डॉक्टर अलेक्झांडर गॉर्डन यांनीं १७९५ सालींच एक लहानसा प्रबंध छापून दाखविलें होतें कीं, तेथील सूतिकाज्वराची साथ ठराविक सुइणींच्या व डॉक्टरांच्या पावलांमागोमाग घरोघर फिरत होती. त्यांनीं त्या सुइणींचीं नांवें यादींत दिलीं, आणि अनेक बायांना तो रोग आपल्या स्वतःच्या हातून झाला हेंहि कबूल केलें. त्याबद्दल त्यांना शहरांत लोकांचा रोषच पत्करावा लागला. लंडनमध्यें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं सुइणींच्या शिक्षणासाठीं किंग्ज कॉलेज इस्पितळांत एक दालन चालविलें होतें. सूतिकाज्वरामुळें तें १८६७ सालीं बंद करावें लागलें. मग त्या मानी बाईनें देशोदेशींचे आंकडे गोळा केले, आणि १८७१ च्या आपल्या पुस्तकांत, गरिबाच्या झोपडींतील बाळंतपण मोठ्या सूतिकागृहांतील बाळंतपणापेक्षां कमी धोक्याचें आहे, असा निर्वाळा दिला. ज्या संस्थेसाठीं आपण झटलों तिच्याविरुद्ध साक्ष देण्याचें धैर्य सर्वांनाच असतें असें नाहीं.

खरा भेद सुईण व डॉक्टर यांच्यांत नसून, स्वच्छ हात व अस्वच्छ हात यांच्यांत होता. हा भेद ज्या देशानें वेळींच ओळखला त्याचें उदाहरण स्वीडनचें. तेथें १७५१ साली राजाच्या वैद्यकमंडळानें असें कळविलें कीं, वर्षाकाठीं प्रसूतींत मरणाऱ्या ६५१ स्त्रियांपैकीं निदान चारशें तरी पुरेशा शिकलेल्या सुइणी असत्या तर वांचल्या असत्या. त्या देशानें मग सुईण शिकविली, तिला परवाना दिला, खेड्यांत नेमलें, आणि १८२९ पासून गरजेपुरतीं हत्यारें वापरण्याचाहि अधिकार दिला. पुढें जंतुनाशक द्रव्यें आलीं तेव्हां तीं सुइणीच्या पेटींत गेलीं. ज्या काळीं युरोपांतील मोठमोठीं सूतिकागृहें भीतीचीं स्थानें होतीं, त्या काळीं स्वीडनमधील शेतकऱ्याची बायको घरच्या बाजेवर अधिक निर्धास्त होती.

सेमेलवाइसचा शेवट दुःखाचा झाला. त्याचा शोध म्हणजे डॉक्टरांवर ठेविलेला खुनाचा आरोप होता, आणि तो आरोप त्यानें पुढें पुढें अत्यंत कडवट शब्दांत केला. त्याची नेमणूक पुढें चालू ठेविली गेली नाहीं. १८५० सालीं तो व्हिएन्ना सोडून पेस्ट येथें गेला. १८६१ सालीं त्याचा ग्रंथ निघाला व उपेक्षिला गेला. १३ ऑगस्ट १८६५ रोजीं एका वेड्यांच्या इस्पितळांत, जखम चिघळून रक्तदोषानेंच तो मरण पावला. जंतूंचें स्वरूप उघड होण्यास अजून कांहीं वर्षें लागावयाचीं होतीं.

त्याच १८६५ सालीं महाराष्ट्रांत एक मुलगी जन्मास आली, आणि तिच्या चरित्रामुळें हा विषय आपल्या दारांत येऊन उभा राहतो. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षीं त्यांना मूल झालें व तें दहा दिवसांतच गेलें. १८८३ सालीं श्रीरामपूर येथील भाषणांत, आपण अमेरिकेस कां जातों हें सांगतांना त्यांनीं स्त्री-वैद्यांच्या गरजेचा मुद्दा मांडला: आमच्या स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढें आपलें दुखणें उघड करीत नाहींत, आणि त्यामुळें मरतात. १८८६ सालीं पेनसिल्व्हानियांत पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधासाठीं विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ज्या संस्थेंत त्यांना पाश्चात्य वैद्यक शिकावयास मिळालें, तेथेंच त्यांनीं स्वतःच्या परंपरेची साक्ष काढावी, हा केवळ अभिमान नव्हता. आपल्या स्त्रियांची निवड समजून घेतल्यावांचून त्यांची सेवा करतां येणार नाहीं, ही जाणीव त्यांत होती, असें मला वाटतें.

त्या परंपरेंत अभिमान बाळगण्यासारखें एक वचन आहे खरें. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सूतिकेच्या परिचर्येस चार स्त्रिया सांगितल्या आहेत. त्या विश्वासू, वयानें प्रौढ, प्रसूतिकर्मांत कुशल असाव्या, आणि त्यांचीं नखें कापलेलीं असावीं! यावरून आमच्या पूर्वजांस जंतुशास्त्र अवगत होतें असें म्हणणें वेडगळपणाचें होईल. परंतु कोणी तरी, केव्हां तरी, नखें वाढलेल्या हाताचा परिणाम डोळ्यांनीं पाहिला होता आणि तो विसरला नव्हता, एवढें त्यावरून नक्कीच म्हणतां येईल. खेदाची गोष्ट ही कीं, तें वचन पोथींत राहिलें व सुईण पोथीबाहेर राहिली. नाळ कापणें, रक्त-मळ उचलणें हें हलकें काम ठरलें. सोयराच्या दिवसांत जिला शिवावयाचें नाहीं, तिला शिवणारी बाई समाजाच्या खालच्या पायरीवर बसविली गेली. लुगडें-चोळी व नारळ देऊन आपण तिची बोळवण केली. तिला शिकविलें नाहीं. १९०३ सालीं व्हिक्टोरिया मेमोरियल फंडांतून दायांच्या शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, पुढें पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनीं परिचर्येचें शिक्षण स्त्रियांस खुलें केलें. परंतु देशाच्या विस्ताराच्या मानानें तें काम थोडें होतें.

येथें एका घरगुती आठवणीबद्दल वाचक क्षमा करतील. माझ्या आजीचीं सातहि बाळंतपणें कोंकणांतील आमच्या जुन्या घरांत, माजघरामागच्या अंधाऱ्या खोलींत, एकाच सुइणीच्या हातून झालीं. त्या सुइणीविषयीं आजी फार प्रेमानें बोले. 'तिचा हात पाठीवर फिरला कीं निम्मी कळ उतरे,' हे तिचे शब्द मला आठवतात. परंतु माझ्या आईच्या पहिल्या खेपेस, सर्व घर विरोध करीत असतां, तालुक्याच्या इस्पितळांत जाण्याचा आग्रह धरला तो याच आजीनें! त्याचें कारण तिनें पुष्कळ वर्षांनंतर सांगितलें. सातांपैकीं दोन मुलें सटवाईनें नेलीं होतीं, दोन्ही आठवड्याच्या आंत, अंग ताठ होऊन, दूध न पितां. नाळेवाटे शिरणारा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्यांतच दिसूं लागतो. आपल्या बायांनीं पांचवी-सहावीच्या रात्रीं दिवा विझूं न देतां जागावें, त्या रात्रींची धास्ती घ्यावी, यांत त्यांनीं रोगाची वेळ अचूक हेरली होती. चूक झाली ती कारण सांगण्यांत. व्हिएन्नाच्या बायांचेंहि असेंच होतें. पहिल्या विभागांत मरण आहे हें त्यांनीं ओळखलें. तें बोटांच्या टोकांवर आहे हें त्यांना ओळखतां येणें शक्य नव्हतें. अनुभव खरा, उपपत्ति अपुरी. शास्त्राचें काम दुसरीची दुरुस्ती करणें हें आहे, पहिल्याची अवहेलना करणें हें नव्हे.

माझ्या आजीनें सुइणीस पसंत केलें आणि सुइणीस टाळलें. दोन्ही वेळां ती अडाणी नव्हती. पहिल्या वेळीं तिला धीर देणारा हात हवा होता. दुसऱ्या वेळीं तिला नातवंड जिवंत हवें होतें. या दोन गोष्टींपैकीं एकीची निवड करण्याची पाळी तिच्यावर कां यावी, हा प्रश्न तिला विचारण्याचा नसून आपल्याला विचारण्याचा आहे.

आज काळ पालटला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें भारतांत शेंकडा ८८.६ बाळंतपणें इस्पितळांत झालीं. ही थोर कमाई आहे, आणि तिच्यामागें वांचलेल्या असंख्य माता आहेत. परंतु त्याच पाहणींत असेंहि दिसतें कीं, एकंदर बाळंतपणांपैकीं शेंकडा २१.५ शस्त्रक्रियेनें झालीं, आणि खाजगी इस्पितळांत तें प्रमाण शेंकडा ४७.४ पर्यंत गेलें. २०१८ सालीं भारत सरकारनें शिकलेल्या परिचारिका-सुइणींच्या हातीं साधीं, बिनधोक बाळंतपणें सोंपविण्याचें धोरण जाहीर केलें. हें धोरण पुढें आलें कीं, पुन्हा तेच दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, सुईण म्हणजे मागें जाणें. दुसरा म्हणतो, सुईण म्हणजे निसर्गाकडे परतणें. आणि ज्या तरुण स्त्रियांना निवड करावयाची आहे, त्यांच्यापैकीं कित्येकींना 'डॉक्टर परवडत नाहीं त्यांच्यासाठीं सुईण' अशी शंका येते. ती शंका सर्वस्वी निराधार आहे असें गरिबांशीं केलेल्या जुन्या सौद्यांचा इतिहास वाचणाऱ्यास म्हणवणार नाहीं. उलट दुसऱ्या कित्येकींना इस्पितळांतील एकलेपणा, तुटक बोलणें, घड्याळाकडे पाहून केलेली घाई यांचा कंटाळा येतो. ती तक्रारहि खोटी नाहीं.

या दोघींना काय सांगावें हें ठरविण्यापूर्वीं त्या काय सांगतात तें लिहून घ्यावें. व्हिएन्नाच्या सूतिकागृहांत सहा वर्षें हजारों बाया एकच गोष्ट सांगत होत्या. ती अरण्यरुदनासारखी वायां गेली, कारण सांगणाऱ्या गरीब होत्या, निरक्षर होत्या, आणि कित्येक अविवाहित होत्या. एका साहाय्यकानें ती ऐकली, तिचा हिशेब मांडला, आणि त्या हिशेबानें त्याला हात धुण्याच्या भांड्यापर्यंत नेलें. त्या भांड्याची किंमत कांहीं क्रॉयत्झर असेल. तें दारापाशीं ठेवावयास उशीर झाला, तो द्रव्याच्या अभावीं नव्हे.